जोडता येते, म्हणून टिकते

अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन, मिशिगन, ओहायो या राज्यांत ऑक्टोबर लागला की अनेक घरांच्या मागच्या शेडमध्ये एक काम ठरलेले असते. उन्हाळाभर गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालचा कापणीचा डेक उतरवायचा आणि पुढे बर्फ लोटणारे पाते किंवा बर्फ उडवणारा ब्लोअर चढवायचा. यातले कित्येक ‘गार्डन ट्रॅक्टर’ पन्नास-साठ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे जुन्या वस्तूंची हौस म्हणून पाहण्याची पद्धत आहे. हौस असतेच, पण नुसत्या हौसेवर यंत्रे चालती राहत असती, तर माळ्यावरचे जुने रेडिओही आज रोज वाजले असते. हे ट्रॅक्टर टिकले, कारण दर हिवाळ्यात त्यांना काम मिळत गेले. आणि काम मिळत गेले, कारण त्यांना हवे ते अवजार जोडता येत होते.

या यंत्रांचा काळ सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, शहरांभोवती नवी उपनगरे पसरली तेव्हा. घरापुढे हिरवळ, मागे भाजीचे वाफे आणि रस्त्यापर्यंतची स्वतःची वाट, एवढ्यासाठी शेतीचा ट्रॅक्टर मोठा पडत होता आणि हातगाडीसारखे यंत्र अपुरे. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये 1946 साली सुरू झालेल्या व्यवसायातून ‘व्हील हॉर्स’ पुढे आला. 1961 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने सात अश्वशक्तीचा ‘कब कॅडेट’ आणला, 1963 मध्ये जॉन डिअरने ‘110’. शेतीची अवजारे बनवणाऱ्यांनी शेतीचीच कल्पना अंगणात आणली होती: इंजिन एक, अवजारे अनेक. नांगर, पाते, ब्लोअर, ट्रॉली असे सारे त्याच चौकटीला लागे. शिकागोत जानेवारी 1967 मध्ये एकाच वादळात 23 इंच बर्फ पडला. अशा हिवाळ्यांच्या प्रदेशात फक्त गवत कापणारे यंत्र निम्मे वर्ष बसून राहते. पुढे कंपन्यांचे मालक बदलले. व्हील हॉर्स 1974 मध्ये एएमएफकडे आणि 1986 मध्ये टोरोकडे गेला; कब कॅडेट 1981 मध्ये एमटीडीकडे. बाजार मात्र हळूहळू पातळ पत्र्याच्या, मुख्यतः हिरवळीपुरत्या स्वस्त ट्रॅक्टरांनी भरला. जुन्यांचे वेगळेपण त्यानंतर जास्त ठळक झाले.

हे वेगळेपण इंजिन उघडले की दिसते. त्या काळी अनेक ब्रँडांच्या ट्रॅक्टरांत कोहलर कंपनीचे के-मालिकेचे एक सिलिंडरचे, ओतीव लोखंडी इंजिन असे. त्यात ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी एक छोटी जीभ असते. ती प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडते आणि आत सगळीकडे शिंतोडे उडवते. थंडीत तेल घट्ट झाले की शिंतोडे नीट उडत नाहीत, आणि पातळी खाली गेली तर जीभ कोरडीच फिरते. मग आधी रॉड जातो आणि त्याच्यामागे बहुधा ब्लॉकही. म्हणून बर्फ पडण्याआधी उन्हाळ्याचे 30 नंबरचे तेल काढून 5W-30 सारखे पातळ तेल भरणे, हा या इंजिनाच्या रचनेतूनच आलेला नियम आहे. कॉन्टॅक्ट पॉइंटमधली फट 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, फीलर गेजने पाहायची. इथेनॉल मिसळलेले जुने पेट्रोल कार्ब्युरेटरमधून काढून टाकायचे. बॅटरी पूर्ण चार्ज ठेवायची, कारण उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते. यातल्या कुठल्याच कामाला संगणक लागत नाही, बंद डबा फोडावा लागत नाही.

अवजार घरी बनवताना तर यंत्राचे तत्त्व हातात घेऊनच काम करावे लागते. चालत ढकलायच्या जुन्या स्नो ब्लोअरचा पुढचा भाग कापून ट्रॅक्टरला बसवणारे पुष्कळ आहेत. इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांवर चालत असेल आणि चालवणारी पुली तीन इंचांची, चालणारी नऊ इंचांची असेल, तर पंखा 1200 फेरे घेतो. हे गणित चुकले की बर्फ फेकला न जाता तोंडाशीच लोंबतो. पंख्याची पाती आणि पत्रा यांच्यात काही मिलिमीटरची फट राहिली तरी ओला बर्फ तिथे चिकटून बर्फ बाहेर फेकणारे धुराडे तुंबते. त्यावर उपाय म्हणजे पात्यांच्या टोकांना जाड रबरी पट्ट्या बोल्टने आवळणे. आणि सर्वांत महत्त्वाचा तो शिअर बोल्ट. बर्फाखाली दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकले की हा मऊ बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून वैतागून त्याजागी कडक पोलादी बोल्ट लावणारा माणूस बोल्ट वाचवतो आणि गिअरबॉक्स घालवतो. काय तुटावे हे आधी ठरवून ठेवणे, हीच या यंत्रांची शहाणीव आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींत दम आहे. पहिला, वाईट यंत्रे कधीच भंगारात गेली, उरलेल्या चांगल्यांवरून निष्कर्ष कसा काढता? खरे आहे, पण भंगारात गेलेल्यांचे ॲक्सल, पुल्या, पाती आजही उरलेल्यांना बसतात, कारण जोडण्या वर्षानुवर्षे फारशा बदलल्या नाहीत. मेलेले यंत्र जिवंत यंत्राच्या उपयोगी पडते, हे टिकाऊपणाचेच लक्षण आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत चालक उठला की इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच नाही, पट्टे उघडे आहेत. बॅटरीवरच्या इग्निशनला असा स्विच बसवणे अवघड नाही, आणि पट्ट्यावर झाकण नसलेले घरगुती अवजार अर्धवटच समजावे. धुराडे तुंबले तर इंजिन बंद करून काठीनेच मोकळे करावे, हाताने कधीच नाही. तिसरा आक्षेप धुराचा, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. अमेरिकेत छोट्या इंजिनांच्या धुरावर केंद्रीय नियम 1997 च्या मॉडेलांपासून लागू झाले. त्याआधीची इंजिने तासाला कितीतरी जास्त धूर सोडतात. म्हणून आठवड्याचे गवत बॅटरीच्या यंत्राकडे द्यावे आणि जुन्याला हिवाळ्यातल्या मोजक्या तासांचे जड काम ठेवावे, एवढी तडजोड न्याय्य आहे.

नोव्हेंबर 2014 मध्ये, पंचांगातला हिवाळा सुरू व्हायला महिना असताना, बफेलोच्या दक्षिणेकडील काही उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला. तहान लागल्यावर विहीर खणायला तिथे वेळच नव्हता. जुने यंत्र ठेवायचेच असेल तर ऑक्टोबरात तेल बदलावे, झाकणे आवळावीत आणि खिशात चार शिअर बोल्ट ठेवावेत. एवढे करायची तयारी नसेल, तर ते यंत्र ज्याची तयारी आहे त्याला देऊन टाकावे.