कळावे, लोभ असावा

मैत्रिणींनो, तीन शब्दांच्या मेसेजपायी माझं माहेर तुटता तुटता राहिलं. ऐकाल तर तुम्हीही म्हणाल, 'अगं बाई, हे तर आमच्याकडचंच!'

आईचं वर्षश्राद्ध होतं. आई होती तोवर 'येऊ का?' असं कधी विचारावं लागलं नाही. आता घर वहिनीचं. म्हणून आठ दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, 'वहिनी, श्राद्धाला येऊ ना?' उत्तर आलं, 'जमलं तर या.' बस्स! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे नाही आले तरी चालेल, असंच ना? मी गेले नाही. दादाचा फोन आला, तोही उचलला नाही.

भाऊबीजेला यांनी बळेबळे नेलं. वहिनी दारातच रडायला लागली. "वन्सं, किती वाट पाहिली तुमची! तुमचे गुडघे दुखतात, त्यात एसटीचा सहा तासांचा प्रवास. तुम्हाला ओढाताण नको म्हणून तसं लिहिलं हो!" आईचं इरकली लुगडं तिने माझ्यासाठी डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलं होतं. घडी हातात घेताना मला मान वर करवेना. हेच तीन शब्द ती फोनवर बोलली असती, तर त्यातली माया मला लगेच कळली असती.

परतताना आईची पोस्टकार्डं आठवली. वर 'श्री', मग 'अनेक आशीर्वाद', मग गाईगुरांपासून लोणच्यापर्यंत सगळ्या बातम्या, समासात उभी 'ता. क.' आणि शेवटी ठरलेलं, 'कळावे, लोभ असावा.' म्हणजे बातमीही पोचायची आणि लोभही. तारेचं वेगळं. तिथे शब्दागणिक पैसे, त्यामुळे मजकूर तुटक. दारात तारवाला दिसला की वाचायच्या आधीच रडारड! ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, त्यात होत्या फक्त नाताळच्या शुभेच्छा. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात, देवनागरी जेमतेम ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. तेव्हा हात आखडता घेणं समजण्यासारखं होतं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाला कोण पैसे मागतं? तरी आपण 'ओके', 'बरं', 'बघू' एवढ्यावरच भागवतो. फुलांचे फोटो मात्र रोज सकाळी पन्नास जणींना!

मी आता एक नियम केलाय. भाजी काय आणायची, गाडी किती वाजता, याला मेसेज. दुखणं, रुसवा आणि आमंत्रण याला मात्र फोनच. आणि मेसेजचा अर्थ लागला नाही तर मनाने लावायचा नाही, सरळ विचारायचं.

परवा वहिनीला पापडांचा निरोप लिहिला आणि खाली मुद्दाम टाकलं, 'कळावे, लोभ असावा.' लगेच उत्तर आलं, 'लोभ आहेच. रविवारी या. जमलं तर नाही, याच!'