फ्लशच्या टाकीची गळती : काही रुपयांचा वायसर आणि कारागिराची पत

एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे चाचा आमच्या दारात येऊन उभे राहिले. सलाम-दुआ झाली आणि ते संकोचून म्हणाले, "बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुमच्या संडासाखाली आमच्या छताचा रंग सुटायला लागला आहे." आम्ही आत जाऊन पाहिले. कमोडमागच्या टाकीला पाणी देणारा जो लवचीक पाइप असतो, त्याच्या वरच्या टोकाला एक थेंब लटकत होता. तो पडला की दुसरा तयार होई. फरशीच्या सांध्यातून तेच पाणी महिनाभर स्लॅबमध्ये मुरत होते.

प्लंबरला बोलावले. त्याने नट काढला, आट्यांवर पांढऱ्या टेपचे जाड वेढे दिले, पान्याने नट करकचून आवळला आणि मजुरी घेऊन तो गेला. चौथ्या दिवशी थेंब पुन्हा हजर. तो पुन्हा आला, टेप वाढवली, नट आणखी आवळला. तिसऱ्या खेपेस टाकीच्या व्हॉल्व्हची प्लास्टिकची नळीच तडकली. आता व्हॉल्व्हही नवा घ्यावा लागणार होता.

तो तुटका भाग आणि जुना पाइप घेऊन आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत हार्डवेअर म्हटले की लोकांना बोहरी शेटचे दुकान आठवते. हे दुकानही तसेच, जुने. शेटनी पाइप हातात घेतला, नटाच्या आत बोट घातले आणि आतून रबराची एक चकती काढून काउंटरवर ठेवली. ती लाकडासारखी कडक झाली होती आणि एका बाजूने चिरली होती. ते म्हणाले, "तीन वेळा मजुरी दिलीत, पण रोग हा होता."

त्या दिवशी जे शिकलो ते घरमालकांनी, प्लंबरचे काम करणाऱ्या बांधवांनी आणि हार्डवेअरच्या दुकानदारांनी, तिघांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आधी गळती शोधा

भिंतीतून पाणी येते तेथे अँगल कॉक असतो. त्याला अर्धा इंची कनेक्शन पाइप लागतो आणि त्या पाइपचे दुसरे टोक टाकीतल्या बॉल कॉकच्या नळीवर बसते. म्हणजे सांधे मुख्यतः चार : भिंत आणि अँगल कॉक, अँगल कॉक आणि पाइप, पाइप आणि बॉल कॉकची नळी, आणि ती नळी टाकीला धरून ठेवणारा चेकनट. पाणी नेहमी खाली ओघळते. म्हणून जेथे थेंब दिसतो तेथेच गळती असेल असे नाही. सगळे भाग कोरड्या फडक्याने पुसावेत आणि प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा गुंडाळावा. ज्या सांध्याचा कागद आधी भिजेल तो दोषी.

दुसरी परीक्षा अँगल कॉकची. तो बंद करून सगळे पुसून घ्या. गळती थांबली तर दोष अँगल कॉकच्या पुढच्या पाइपच्या सांध्यांत. टाकीला पाणी खालून जोडलेले असेल आणि कॉक बंद करूनही टाकीखाली थेंब येत राहिला, तर तो टाकीतल्या साठलेल्या पाण्याचा आहे. तेथे चेकनटजवळचा मोठा वायसर पाहावा. भिंतीलगत ओल कायम राहिली, तर दोष अँगल कॉकच्या मागच्या आट्यांत किंवा भिंतीतल्या पाइपात समजावा.

गळती किती हेही मोजावे. सांध्याखाली एक तास मग ठेवा. अर्धा लिटर पाणी जमले तर दिवसाचे १२ लिटर आणि महिन्याचे ३६० लिटर झाले. १० लिटरच्या टाकीच्या हिशेबाने हे ३६ वेळा फ्लश केल्याइतके पाणी. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या इमारतीत हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

टेप कुठे, वायसर कुठे

सगळी चूक येथे होते. भिंतीच्या सांध्यात पाणी आटे अडवतात. आट्यांतली बारीक फट भरावी लागते, म्हणून तेथे टेप हवी. पूर्वी याच कामाला सुतळी आणि सफेदा वापरत. आजची टेप ज्या पदार्थाची, तो टेफ्लॉन अमेरिकेत १९३८ मध्ये अपघातानेच सापडला.

कनेक्शन पाइपच्या दोन्ही टोकांना मात्र पाणी अडवण्याचे काम नटातला रबरी वायसर करतो. नट फक्त त्या वायसरला नळीच्या तोंडावर दाबून धरतो. तेथे टेपचा थर चढवला तर नट पुरता खाली बसत नाही, वायसरवर दाब पडत नाही आणि गळती उलट वाढते. मग माणूस पाना लावतो आणि प्लास्टिक तडकते. आमच्या घरी नेमके हेच झाले.

घरी करायचे काम

अँगल कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करा. तो पुरता बंद होत नसेल तर संडासाचा वॉल किंवा गच्चीवरच्या टाकीचा वॉल बंद करा. इमारतीत शेजाऱ्यांना आधी सांगा. फ्लश करून टाकी रिकामी करा आणि खाली बादली ठेवा.

एका हाताने टाकीच्या आतून बॉल कॉक घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने खालचा नट सोडवा. आतला हात सुटला तर बॉल कॉकच फिरतो आणि चेकनट ढिला होऊन दुसरी गळती सुरू होते. पाइप दोन्हीकडून काढा आणि जुने वायसर बाहेर घ्या. पाइपची जाळी तुटली असेल, नटाला चीर असेल किंवा तोंडाशी गंज असेल तर पाइपच बदला. दुकानात जाताना जुना पाइप सोबत न्या. नवा पाइप ताणून बसेल इतका आखूड नको आणि मुरड पडेल इतका लांबही नको.

बोअरिंगच्या पाण्याने आट्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो. तो जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. पाइप जोडण्यापूर्वी अँगल कॉकसमोर मग धरून क्षणभर पाणी सोडा, म्हणजे आतली रेती निघून जाईल. नवा वायसर नटात सपाट बसवा. नट आधी किंचित उलटा फिरवा, आटे जुळल्याचे हाताला कळते. मग सुलटा फिरवा. हाताने बसेल तितका बसवून पान्याने फक्त पाव फेरा द्या. कॉक हळूहळू उघडा. थेंब आला तर आणखी थोडा फिरवा, पण जोर करू नका. रात्रभर सांध्याला कोरडा कागद बांधून ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तर काम झाले.

भिंतीतला अँगल कॉक मात्र घरच्या माणसाने फिरवू नये. आतला पाइप जुना असेल तर टाइलमागे तुटतो आणि मग भिंत फोडावी लागते. ते काम जाणत्या प्लंबरचे.

धंद्याच्या दृष्टीने

आमच्या त्या प्लंबरचा हिशेब पाहा. मजुरी मिळाली, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची रोजी बुडाली, व्हॉल्व्हच्या पैशांवरून वाद झाला आणि एका इमारतीतली सगळी घरे हातची गेली. तो बेइमान नव्हता. उस्तादाने वायसर आणि टेप यांतला फरक कधी सांगितलाच नसावा. कारागीर बांधवांनी थैलीत अर्धा इंची वायसरांची पुडी कायम ठेवावी, काढलेला जुना वायसर गिऱ्हाइकाला दाखवावा, मजुरी आधी सांगावी आणि काम झाल्यावर दहा मिनिटे थांबून सांधा पाहावा. त्या दहा मिनिटांनी पुढची फुकट खेप वाचते.

दुकानदारांनी पाइप मागणाऱ्याला "गळते कुठे?" एवढे विचारावे आणि सुटे वायसर विकायला कंटाळू नये. नफा नगण्य असला तरी नवी टाकी घ्यायची वेळ आली की तोच गिऱ्हाईक त्याच दुकानात येतो. तेव्हा त्याला आय.एस.आय. शिक्क्याची टाकी दाखवावी. प्लास्टिकच्या टाकीसाठी भारतीय मानक आय.एस. ७२३१ आहे.

आणि आम्हा गिऱ्हाइकांनीही एक गोष्ट मानावी. वायसर काही रुपयांचा म्हणून कारागिराची मजुरी पाडून मागू नये. पैसे आपण त्याच्या हाताच्या जाणकारीचे देतो.

शेटनी दिलेला वायसर आणि नवा व्हॉल्व्ह आम्ही स्वतः बसवला. महिनाभर कागद कोरडा राहिला. मग चाचांच्या छताला आमच्या खर्चाने रंग काढून दिला. त्या रंगाचा खर्च वायसरच्या कित्येक पट झाला, हे वेगळे सांगायला नको.