सिद्ध हात आणि संभाव्य हात : ओमाहा पोकरमधील एक गणन

डाव अर्ध्यावर थांबला, तर पणाला लावलेल्या रकमेची न्याय्य वाटणी कशी करावी, या प्रश्नाचा ऊहापोह पास्काल व फर्मा यांनी 1654 साली पत्रांतून केला. ओमाहा पोकर खेळणाऱ्यास हाच प्रश्न डाव न थांबवता सोडवावा लागतो. गोव्यात मांडवीतील कॅसिनो-नौकांवर हा खेळ पैसे लावून चालतो. कोलशेतातील एखाद्या घरी काड्यापेटीच्या काड्या लावून तो मांडला, तरी गणित तेच.

या खेळात प्रत्येकाच्या हाती चार पाने असतात व पटावर सर्वांकरिता पाच पाने उघडली जातात : प्रथम तीन, मग एक, मग एक. हातातील नेमकी दोन व पटावरील नेमकी तीन पाने मिळून हात ठरतो. चार पानांतून दोहोंच्या सहा जोड्या निघतात. टेक्सास पोकरमध्ये अशी जोडी एकच असते. त्यामुळे अद्याप न जुळलेला, म्हणजे संभाव्य हातही येथे जुळलेल्या सिद्ध हातास भारी पडू शकतो.

समजा, पटावर इस्पीक नव्वी, इस्पीक अठ्ठी व चौकट दुर्री आहे. 'क'पाशी बदाम व किलवर नव्वी, बदाम एक्का आणि किलवर राजा. 'ख'पाशी इस्पीक गुलाम, बदाम दश्शी, किलवर सत्ती आणि इस्पीक छक्की. 'क'च्या तीन नव्व्यांहून श्रेष्ठ हात या क्षणी असूच शकत नाही. 'ख'पाशी साधी जोडीही नाही. तथापि राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की वा पंजी यांपैकी कोणतेही पान आले की त्याची पाच पाने क्रमाने जुळतात. अशी पाने 20 उरली आहेत. शिवाय इस्पिकाचा एक्का, राजा, चव्वी वा तिर्री आल्यास पाच इस्पिके होतात. 'क'चा आधार एवढाच, की पटावर कोणतीही जोडी पडली तर त्याचे फुल हाउस वा त्याहून श्रेष्ठ हात होतो.

न दिसलेल्या 41 पानांतून पुढील दोन पाने 820 प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी 482 प्रकारांत 'ख' जिंकतो, 338 प्रकारांत 'क'. म्हणजे आजचा सर्वोत्तम हात केवळ 41.2 टक्क्यांचा धनी आहे.

मग 'क'ने पाने टाकावीत काय? मध्ये 1000 रुपये असून दोघांपाशी प्रत्येकी तेवढेच उरले असतील, तर सर्व रक्कम लावल्याने 'क'ला सरासरी 237 रुपये लाभतात. येथे पाने टाकणे ही भीरुता होय. परंतु यापुढे दोघांनी घातलेल्या प्रत्येक रुपयामागे 'क' सुमारे साडेसतरा पैसे गमावतो. उरलेली रक्कम मधल्या रकमेच्या सुमारे 2.35 पटींहून अधिक असेल, तर मधल्या रकमेतील त्याचा वाटा या तुटीत बुडून जातो. अशा वेळी थोडक्यात चौथे पान पाहणे शहाणपणाचे. ते जोडी पाडणारे असल्यास (अशी पाने 7) निकालच लागतो.

अर्थात 'ख'ची पाने 'क'ला दिसत नाहीत. 'ख' केवळ इस्पिकांच्या आशेवर असेल, तर त्याचा वाटा चतुर्थांशाच्या आसपास उतरतो, आणि मग सावधपणा 'क'लाच महाग पडतो. हा अंदाज बांधणे हेच कौशल्य. कायद्यालाही याच भेदाची चिंता आहे : 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचे 13 वे कलम केवळ कौशल्याच्या खेळांस वगळते, आणि 1957 मध्ये चमारबागवाला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असलेल्या स्पर्धा जुगारात मोडत नाहीत असे ठरविले. 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता हा भेदच बाजूस सारला.

कौशल्याचा बराच भाग पट उघडण्यापूर्वीच खर्ची पडतो. वरील उदाहरणात 'क'चा एक्का व राजा दोन्ही इस्पिकाचे असते, तर 'ख'ची इस्पिके निरुपयोगी ठरून 'क'चीच वरचढ झाली असती. 'ख'चे विजयी प्रकार 298 वर येऊन 'क'चा वाटा 63.7 टक्के झाला असता. नव्व्या त्याच, पट तोच, प्रतिस्पर्धीही तोच.