रुग्णशाळेतील विश्वगान

पश्चिम फ्रान्समधील आंजे या नगरात, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या अमदानीत, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक रुग्णालय उभे राहिले. सडपातळ स्तंभांच्या दोन ओळींनी तीन भागांत विभागलेले त्याचे कमानदार दालन सुमारे सातशे वर्षे रुग्णांच्या उपयोगी पडले. एकोणिसाव्या शतकात रुग्ण नव्या इमारतीत गेले. आज तेथे झां ल्युर्सा या चित्रकाराच्या 'विश्वगान' मालिकेतील दहा भित्तिपट टांगलेले आहेत. त्यांची एकत्रित लांबी सुमारे ८० मीटर भरते.

भित्तिपट म्हणजे भरतकाम नव्हे. भरतकामास आयते कापड लागते. येथे कापड आणि चित्र एकाच वेळी जन्मास येतात. आडवा रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. ज्या रंगाला जेवढी जागा, तेवढ्यातच तो मागेपुढे फिरतो आणि उभा ताणा पुरता झाकून टाकतो. पैठणीचा पदर मागावर पाहिलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. तत्त्व तेच, रेशमाच्या जागी लोकर एवढाच काय तो फरक.

याच आंजेत ल्युर्साने १९३०च्या दशकात चौदाव्या शतकातील 'अपोकॅलिप्स' हा भित्तिपट पाहिला. राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे करून ते संत्र्यांच्या झाडांना थंडीपासून राखण्यासाठीही वापरले गेले होते! तरीही १०० मीटरहून अधिक भाग वाचला. मोजके रंग आणि जाड वीण हा धडा ल्युर्साने त्यातून घेतला. विणकराने रंग अंदाजाने निवडू नयेत म्हणून तो आराखड्यावर रंगांचे क्रमांकच लिहीत असे. ओब्यूसाँच्या मागांवर १९५७ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली, त्याच्या निधनाच्या वर्षी थांबले.

पार्श्वभूमी बहुतेक काळी. 'हिरोशिमाचा माणूस' या पटात होरपळलेला मनुष्य आहे आणि त्याच्याभोवती ग्रंथ, क्रूस, कोयता-हातोडा यांचे अवशेष विखुरलेले आहेत. कोणतीही श्रद्धा त्याला वाचवू शकली नाही. जेथे शतकानुशतके आजाऱ्यांची शुश्रूषा झाली, त्याच छताखाली हा देह पाहताना इमारतीची निवड केवळ सोयीची होती असे वाटत नाही. अंतराळविजयाचा पट मात्र, माझ्या मते, त्यामानाने उणा पडतो. त्यातील उत्साह आज भाबडा वाटतो.

प्रकाशाने रंग विटतात म्हणून उजेड मंद असतो. डोळे सरावेपर्यंत दूर उभे राहावे, मग जवळ जावे. शक्य तर आधी नदीपलीकडील किल्ल्यात जाऊन 'अपोकॅलिप्स' पाहून यावे.