हद्दीचा मक्ता

अमेरिकेत छपरावरची उपग्रह-दूरचित्रवाणीची डिश उतरवून स्ट्रीमिंगची वर्गणी भरणाऱ्या बेसबॉलरसिकाची प्रायः अशी समजूत असते की, आता तीसही संघांचे, प्रत्येकी 162 या हिशेबाने हंगामातले 2,430 सामने आपल्याला घरबसल्या थेट पाहता येतील. आणि ज्या संघावर त्याचा जीव जडलेला असतो नेमका त्याचाच सामना पहिल्या संध्याकाळी पडद्यावर उमटत नाही, तेव्हा तो बिचारा यंत्राला किंवा इंटरनेटला दोष देत बसतो.

वास्तविक मेजर लीग बेसबॉलची ‘एमएलबी.टीव्ही’ ही सेवा मूलतः दूरच्या मुलखातील संघांचे सामने दाखवण्यासाठीच योजलेली आहे. लीगने प्रत्येक संघाला एक हद्द तोडून दिली, त्या हद्दीतील प्रक्षेपणाचा मक्ता संघांनी बहुधा स्थानिक क्रीडावाहिन्यांना दिला, आणि त्यामुळे हद्दीत राहणाऱ्या वर्गणीदाराला आपल्या संघाचा सामना, मग तो घरच्या मैदानावर असो वा दोन हजार मैलांवर, केवळ या वर्गणीत थेट दिसत नाही. डिशवरच्या ‘एक्स्ट्रा इनिंग्ज’ या संचालाही हीच बंदी लागू होती. तेव्हा साधन बदलल्याने करार बदलत नाही.

मैदानातील तिकिटे खपली नाहीत म्हणून प्रक्षेपण रोखले जाते, हा तर्कही येथे गैरलागू आहे. तसा नियम अमेरिकन फुटबॉलमध्ये होता आणि 2015 मध्ये तो स्थगित झाला. मैदानापासून दूर राहिले की सुटका होते, हेही खरे नाही. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, तरी शिकागोचे कब्ज व व्हाइट सॉक्स, सेंट लुइस, कॅन्सस सिटी, मिलवॉकी आणि मिनेसोटा अशा सहा संघांच्या हद्दी त्यावर येऊन पडल्या. ज्यांच्या गावात मैदान नाही त्यांच्याच घरी सर्वाधिक बंदी असावी, हा मला उघड अन्याय वाटतो. प्रेक्षकांनी 2012 मध्ये गुदरलेला दावा 2016 च्या जानेवारीत तडजोडीने मिटला, वर्गणी उतरली, एकाच संघापुरती वर्गणीही मिळू लागली, पण हद्दी कायम राहिल्या. 2023 च्या मे महिन्यात सॅन डिएगो पाद्रेजच्या प्रक्षेपणाचा मक्ता दिवाळखोरीत सापडलेल्या कंपनीच्या हातून सुटला आणि लीगने ते स्वतःकडे घेऊन स्थानिक रसिकांना थेट वर्गणी देऊ केली, तेव्हा त्या हद्दीतली भिंत प्रथमच खचली.

‘थेट’ या शब्दाविषयीही थोडे सावध असावे. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असूनही तेथवर जाऊन परतायला संकेताला पाव सेकंदच लागतो. स्ट्रीमिंगमध्ये मात्र चित्राचे लहान तुकडे करून ते साठवत पुढे धाडले जात असल्याने वीस-तीस सेकंदांचा विलंब सहज होतो, आणि होमरनची आरोळी शेजारच्या घरातून आधी ऐकू येते. हद्द आणि वर्गणी या दोन्हींच्या बाहेर असलेली, हंगामाची अंतिम मालिका वर्ल्ड सिरीज तर 2000 पासून फॉक्स वाहिनीवर असल्याने, जेथे तिचे स्थानिक केंद्र पोहोचते तेथे, साध्या अँटेनावर विनामूल्य दिसते.

रोखलेला सामना संपल्यानंतर सुमारे दीड तासाने संपूर्ण पाहावयास मिळतो. ज्याला तेवढा धीर नसेल त्याच्यासाठी त्याच वर्गणीत नभोवाणीचे धावते वर्णन असते, आणि 1921 मध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून सुरू झालेल्या या जुन्या परंपरेला ही हद्द लागू नाही. आयोवातल्या शेतकऱ्याला त्या सहाही संघांचे सामने चालू असतानाच ऐकता येतात.