डोक्यातलं पाणी आणि दोन-तीन तीळ

ए दोस्ता, जरा डोकं हलव बघू! काही डचमळल्याचं ऐकू आलं? नाही ना? पण तुझ्या मेंदूभोवती खरंच पाणी आहे! अगदी नितळ. मेंदू त्यात मजेत तरंगत असतो.

मोठ्या माणसाच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून हे पाणी किती असेल? फक्त 150 मिलिलिटर. एवढंसंच! पण मेंदूच्या आतले नाजूक झुबके रोज अर्धा लिटर नवं पाणी बनवतात. जुनं रक्तात परत जातं. म्हणजे दिवसातून तीनदा टाकी बदलली!

या पाण्यात कॅल्शियम असतं. हो, दुधातलं, तिळातलं, खडूतलं तेच! ते लागतं मोजूनमापून. शरीरात कॅल्शियम फार कमी झालं, की नसा उगाच निरोप धाडत सुटतात. बाई वर्गाबाहेर गेल्यावर होतो ना, तस्सा गलका! हातापायांना मुंग्या येतात, पेटके येतात. फार वाढलं, तर उलटंच. सगळं सुस्त!

मग माप कोण सांभाळतं?

हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर धरण पाहिलंयस? पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचं मोठं धरण आहे. तिथून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरात येतं आणि मग कालव्यांनी शेतात जातं. तुझ्या अंगातही असंच आहे! हाडं म्हणजे येलदरी, भलामोठा साठा. रक्त म्हणजे सिद्धेश्वर.

आणि दरवाजे उघडणारे? गळ्यात लपलेल्या चार परावटू ग्रंथी! एकेक जेमतेम मसुरीच्या दाण्याएवढी. रक्तात कॅल्शियम घटलं, की त्या लगेच रसायन सोडतात. हाडांतून थोडं कॅल्शियम सुटतं. मूत्रपिंडं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. आतडी जेवणातून जास्त शोषून घेतात. त्यासाठी लागतं ड जीवनसत्त्व, तेही उन्हात खेळून मिळणारं!

गंमत सांगू? ही ग्रंथी आधी माणसात नाही, गेंड्यात सापडली! 1849 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं शरीर तपासलं, तेव्हा ती दिसली. माणसातली शोधली ती स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी, 1880 मध्ये. तेव्हा ते वैद्यकीचे विद्यार्थी होते!

आता खरा चमत्कार. रक्तातलं कॅल्शियम थोडं वरखाली झालं, तरी मेंदूभोवतीच्या पाण्यातलं जवळजवळ हलत नाही! पाणी बनवणारे ते झुबके पहारेकरीच जणू. मोजकंच कॅल्शियम आत सोडतात.

मोजकं म्हणजे किती? मोठ्या माणसाच्या हाडांत आणि दातांत सुमारे एक किलो कॅल्शियम असतं. आणि मेंदूभोवतीच्या सगळ्या पाण्यात? जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम!

उद्या भाकरीवर तिळाची चटणी घेशील ना, तेव्हा आईकडून दोन-तीन कोरडे तीळ माग. तळहातावर ठेव. वजन जाणवतं का बघ. मेंदूभोवतीच्या सगळ्या कॅल्शियमचं वजन तेवढंच आहे!