जुनी गाडी तापते? पाणी जातं कुठं, ते आधी पाहा!

मे महिन्याची सुट्टी लागली की गावी जायचे बेत सुरू होतात. डबे भरले जातात, वर कॅरिअरला बॅगा बांधल्या जातात, गाडीत सात-आठ माणसं बसतात आणि समोर असतो आंबा घाट नाहीतर आंबोली! घरची जुनी सुमो, क्वालिस, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ नेमकी अशा वेळी तापते. सगळ्यांचा विरस होतो, हे तर खरंच. पण त्या दहा मिनिटांत आपण काय करतो, यावर पुढचं बिल काही शे रुपयांचं येणार की पाच आकडी, हे ठरतं. कधी कधी तर हाता-तोंडाची कातडीही त्यावरच अवलंबून असते.

म्हणून मैत्रिणींनो, गाडी तुम्ही स्वतः चालवत असा किंवा ‘हे’ चालवत असोत, बोनेटखालचा एवढा एक विषय आपल्याला माहीत असायला हवा. अवघड काही नाही. जिनं प्रेशर कुकर सांभाळला, तिला यातलं निम्मं आधीच येतं!

कुकरचंच तत्त्व

इंजिनात इंधन जळतं, पण त्याच्या उष्णतेचा मोठा भाग गाडी ओढण्याच्या कामी येत नाही, तो धातू तापवत बसतो. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी इंजिनात पाणी फिरत असतं. वॉटर पंप ते ढकलतो. रबरी होज पाइपातून ते पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथं वारा लागून निवतं आणि पुन्हा इंजिनात जातं. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडू लागते.

आता गंमत पाहा. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पण रेडिएटरचं झाकण कुकरसारखा दाब धरून ठेवतं, त्यामुळं तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यात कूलंट मिसळलं की ही मर्यादा आणखी थोडी वर जाते. मात्र झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली, तर कुकरची रिंग गेल्यावर जे होतं तेच होतं. दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं.

काटा चढला की काय करायचं?

गाडी नीट चालत असताना टेंपरेचरचा काटा कुठं असतो, ती जागा आजच पाहून ठेवा. तिथून तो वर सरकू लागला की एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा जोरात लावा. भर उन्हाळ्यात हीटर? तुम्ही म्हणाल, वेड लागलं का? पण डॅशबोर्डमागचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. मात्र हीटरमधून गार हवा येऊ लागली तर समजा, पाणी फारच कमी झालंय. पाणी अगदी संपलं असेल तर काटाही भरवशाचा राहत नाही, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो.

एवढं करूनही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद! “चारच किलोमीटर राहिलेत, पुढच्या गावात बघू,” असं कुणीतरी म्हणणारच. तिथं ठामपणे नाही म्हणा. त्याच चार किलोमीटरांत इंजिनाचं हेड वाकू शकतं आणि हेड गॅस्केट जाऊ शकतं. मोठा खर्च येतो तो यापायी.

झाकण मात्र लगेच उघडायचं नाही. ते सैल होताच दाब सुटतो, आतलं पाणी क्षणात उकळतं आणि फवारा थेट तोंडावर येतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. मग वरचा जाड होज पाइप फडक्यानं धरून दाबून पाहा. कडक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला तर झाकणावर जाड फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून, ते थोडंच फिरवा. ‘हिस्स’ आवाज पूर्ण थांबला की मगच काढा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नाही. गरम काचेच्या ग्लासाला जसा तडा जातो, तसाच धातूलाही जातो.

कुणाला भाजलंच, तर तो भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काही लावू नका. नंतर डॉक्टरांना दाखवा.

लक्षणं ओळखा

गॅरेजमध्ये “गाडी तापते” एवढंच सांगू नका. केव्हा तापते, ते सांगा. निम्मं निदान त्यातच असतं.

१) *सिग्नलला आणि घाटात तापते, मोकळ्या रस्त्यावर निवते.* संशय पंख्यावर. पंखा विजेवरचा असेल तर फ्यूज, रिले आणि मोटर पाहावी. पट्ट्यावर फिरणाऱ्या मोठ्या पंख्याला बहुधा ‘व्हिस्कस’ कपलिंग असतं. त्यातलं सिलिकॉनचं तेल गळलं की पंखा फिरताना दिसतो, पण वारा ओढत नाही.

२) *मोकळ्या रस्त्यावर वेगातही तापते.* रेडिएटर चोंदलेला असू शकतो. बाहेरून चिखल आणि किडे, आतून बोअरच्या पाण्याचे क्षार. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसाच.

३) *निघाल्यावर थोड्याच वेळात काटा वर, पण रेडिएटर गारच.* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो.

४) *सकाळी गाडीखाली ओलं.* एसीचं पाणी स्वच्छ आणि पातळ असतं, कूलंट रंगीत आणि बुळबुळीत. होज पाइप, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि वॉटर पंप तपासून घ्या. पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून गळतं.

५) *गाडीत गोडसर वास, समोरच्या काचेवर चिकट धुकं, पायाखालचं मॅट ओलं.* हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

६) *गळती कुठंच नाही, तरी पाणी कमी होतं.* इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतो का, इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसतो का, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, हे पाहायला सांगा. ही हेड गॅस्केटची लक्षणं.

मेकॅनिकशी बोलताना

पाणी जातंय कुठं, हे कळल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका. हातपंपानं दाब देऊन गळती शोधायची चाचणी असते, ती आधी करायला सांगा. स्वस्तापासून सुरुवात करावी. आधी झाकण, क्लिपा, होज, पट्टा, मग पंखा आणि थर्मोस्टॅट, त्यानंतर रेडिएटर आणि पंप. गॅस्केटचं निदान पुराव्याशिवाय मान्य करू नका.

“थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी थंड राहील,” असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन मग गरजेपेक्षा गार राहतं, इंधन जास्त खातं, झिजतंही लवकर. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. दुसरा उपाय आपल्याच डब्यातला, हळद! गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची जुनी युक्ती आहे. भोक कदाचित बुजेल, पण ती हळद बारीक नळ्यांतही जाऊन बसते. आडरानात नाइलाज म्हणून केलंच, तर घरी आल्यावर सगळं धुऊन घ्यायला विसरू नका.

घरी घ्यायची काळजी

महिन्यातून एकदा, सकाळी गार इंजिन असताना, कूलंटच्या बाटलीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे का ते पाहा. वरचेवर भर घालावी लागत असेल तर ती गळतीच समजा. कूलंट बहुधा निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं भरतात. तयार मिश्रणही मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालू नये. हिरवा की गुलाबी, या रंगावरून जात ओळखता येत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. नुसतं नळाचं पाणी अडचणीपुरतं ठीक, पण कायमचं नको. त्यानं आत गंज चढतो.

आणि ही गोष्ट कृपा करून विसरू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं विष. उरलेलं कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. जमिनीवर सांडलं तर लगेच पुसून ती जागा धुवा, कुत्र्या-मांजरांनाही ते चाटायला आवडतं. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर त्रास व्हायची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा आणि डबा बरोबर न्या.

प्रवासाला निघताना डिक्कीत पाच लिटर स्वच्छ पाणी, जाड फडकं, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि दोन जादा होज क्लिपा असू द्या. डब्यांच्या पिशवीशेजारी एवढी जागा सहज निघते!